गणिताच्या विद्यार्थ्याची पाठराखण

बारावीला गणितात भरघोस गुण मिळवलेला विद्यार्थी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात एकाएकी गप्प होतो. पुण्यातील महाविद्यालयांत गणित शिकवणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. तोवर त्याने केलेले गणित उत्तर काढण्याचे असते. सूत्र ठाऊक असावे, आकडेमोड चोख असावी, उत्तर मागच्या पानाशी जुळावे, एवढ्यावर भागते. मग विश्लेषणाच्या तासाला एप्सिलॉन आणि डेल्टा येतात आणि प्रश्नाचे रूपच पालटते. 'किंमत काढा' ऐवजी 'सिद्ध करा' असे लिहिलेले असते. मागच्या पानावर उत्तर नसते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला निदान प्रयोगशाळा असते, शेजारच्या टेबलावर कोण काय करतो ते दिसते. गणिताचा विद्यार्थी मात्र कोऱ्या कागदासमोर एकटा बसलेला असतो. तीन दिवस एकाच प्रश्नावर अडून राहणे हा या विषयाचा नित्याचा व्यवहार आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्यालाच जमत नाही, असा तो निष्कर्ष काढतो आणि पुष्कळदा तिथेच विषय सोडतो.

या टप्प्यावर त्याच्याजवळ कोण बसते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. पुणे शहराला गणिताची दीर्घ परंपरा आहे असे आपण अभिमानाने सांगतो. ती परंपरा बारकाईने पाहिली, तर प्रत्येक मोठ्या नावामागे असा जवळ बसलेला कोणीतरी आढळतो.

डेक्कन कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे गणित शिकवीत असत. केरूनानांकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांच्या तरुणपणी या देशात विद्यापीठेच नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत काम करता करता ते शिकले आणि पुढे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ लिहून त्यांनी पंचांगशुद्धीला हात घातला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी १८७७ मध्ये गणित घेऊन बी.ए. केले आणि न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात तोच विषय शिकवला. राजकारणाच्या धकाधकीतही टिळकांनी ज्योतिर्गणिताचा नाद सोडला नाही. १८९३ चा 'ओरायन' हा ग्रंथ आणि पंचांगाच्या वादांतला त्यांचा रस, या दोहोंत केरूनानांच्या वर्गाची खूण दिसते.

टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवण्यासाठी धोंडो केशव कर्वे आले. महर्षी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांचा चरितार्थाचा व्यवसाय गणिताच्या अध्यापनाचा होता, हे अनेकदा विसरले जाते. कर्वे मुंबईत असताना त्यांच्या घरी कोकणातून शिकायला आलेली मुले राहत. त्यांत नात्यातला एक मुलगा होता, दापोलीजवळच्या मुर्डी गावचा रघुनाथ परांजपे. राहण्याजेवण्याची सोय, शाळेची निवड, अभ्यासावर नजर, हे सारे कर्व्यांनी पाहिले. हाच रघुनाथ पुढे फर्ग्युसनचा विद्यार्थी झाला, सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे सीनिअर रँग्लर ठरला. हा मान बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर त्यांना विभागून मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय होत. सरकारी नोकरीची दारे उघडी असताना परांजपे दिलेल्या शब्दाप्रमाणे अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये परतले आणि १९०२ मध्ये प्राचार्य झाले. कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाचे ते १९१६ मध्ये पहिले कुलगुरू झाले. ज्याने घरात ठेवून शिकवले, त्याच्याच कामाला विद्यार्थ्याने पुढे असा खांदा दिला.

परांजप्यांच्या काळात पुण्याने गणिताच्या अभ्यासकांना केलेली आणखी एक मदत फारशी कोणाला माहीत नाही. १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी 'ॲनालिटिक क्लब' काढला. आजची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी ती हीच. नियतकालिके आणि नवे ग्रंथ एकट्यादुकट्या प्राध्यापकाला परवडणारे नव्हते. क्लबाचे ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले आणि तिथून सभासदांना पुस्तके टपालाने जाऊ लागली. दूरच्या गावी एकटा गणित करणारा शिक्षक त्या पार्सलामुळे युरोपातल्या ताज्या कामाशी जोडलेला राही. या संस्थेच्या नियतकालिकातच १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचा पहिला लेख छापून आला. रामानुजन यांच्या वह्या पाहून त्यांना योग्य माणसांकडे धाडणाऱ्यांत रामस्वामी अय्यर होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता याच फर्ग्युसनमधल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. डहाणूला जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक मिळाले, पण पुढे बोट धरणारा कोणी लाभला नाही. कापरेकर देवळालीला शाळामास्तर झाले आणि निवृत्तीपर्यंत मास्तरच राहिले. संख्यांचे गुणधर्म शोधण्याचे वेड त्यांनी एकट्याने जोपासले, पुस्तिका पदरमोड करून छापल्या. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य जाहीर केले. आपल्याकडच्या पंडितांनी त्याकडे करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळले. त्या वेळी कापरेकर सत्तरीत होते.

६१७४ ची गंमत वाचकांना ठाऊक असेलच. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मिळणारी वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. समजा ३५२४ घेतली. ५४३२ मधून २३४५ गेले, उरले ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. इथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येत राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे पोचते.

ही आकडेमोड कोणताही विद्यार्थी आवडीने करतो. मात्र 'प्रत्येक संख्येसाठी हे खरे कशावरून?' असे विचारताच तो थबकतो. जवळजवळ दहा हजार संख्या तपासायच्या? इथे चांगला शिक्षक उत्तर सांगत नाही. तो विचारतो, वजाबाकी नेमकी कशावर अवलंबून आहे? उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असे मानून मुलाने फळ्यावर मांडणी केली, की दिसते : वजाबाकी म्हणजे अ आणि ड यांच्या फरकाची ९९९ पट अधिक ब आणि क यांच्या फरकाची ९० पट. म्हणजे मूळ चार अंक विसरले तरी चालतील, हे दोन फरक तेवढे पुरेत. पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. मोजले तर एकूण ५४ शक्यता. दहा हजारांचे काम चोपन्नावर आले, आणि ते एका दुपारी वहीत पुरे होते. वजाबाकीला ९ ने भाग का जातो, हे जाता जाता उलगडते. आकडेमोडीतून सिद्धतेकडे जाण्याची पायरी ती हीच. ती चढायला विलक्षण बुद्धिमत्ता लागत नाही. योग्य क्षणी योग्य प्रश्न विचारणारा आणि मग गप्प बसण्याचा संयम असलेला माणूस मात्र लागतो. (दुसरी अट पहिलीहून अवघड, असे शिकवणारे कोणीही कबूल करील.)

डॉ. जयंत नारळीकरांच्या आठवणींत असाच एक माणूस भेटतो. बनारसच्या घरी त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार एम.एस्सी.साठी राहायला आले होते. हे मोरूमामा घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादे गणित लिहून ठेवीत. सुटेपर्यंत ते तिथेच राही. पुढे १९५९ मध्ये नारळीकर केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले. फळ्याचा वाटा त्यात किती, हे कोण सांगणार. पण शालेय पुस्तकाबाहेरच्या गणिताची ओढ या फळ्याने लावली, असे ते स्वतः सांगत. याच हुजूरबाजार कुटुंबातले, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन करून आलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ मध्ये पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि १९७६ पर्यंत त्याची धुरा वाहिली.

त्याच १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू झाले. संस्थापक श्रीराम शंकर अभ्यंकर. १९३० मध्ये उज्जैनला जन्म, ग्वाल्हेरला गणिताच्या प्राध्यापकाच्या घरात बालपण, मुंबईच्या विज्ञान संस्थेत पदवी, आणि मग हार्वर्डमध्ये ऑस्कर झारिस्की यांचे शिष्यत्व. बैजिक भूमितीतील एक जुना, भल्याभल्यांना नमवणारा प्रश्न त्यांनी पंचविशीत हाताळला आणि नाव मिळवले. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ते १९६३ पासून अखेरपर्यंत, म्हणजे २०१२ पर्यंत होते. एवढ्या उंचीच्या माणसाला पुण्यात स्वतंत्र संस्था काढण्याची गरज का वाटावी? पदवीच्या परीक्षेसाठी विद्यापीठे होती, निवडक संशोधकांसाठी मुंबईची टाटा संस्था होती. या दोहोंच्या मधल्या विद्यार्थ्याला, म्हणजे ज्याची गोडी जागी झाली आहे पण वाट ठाऊक नाही अशाला, जागा नव्हती. प्रतिष्ठानाने शाळकरी मुलांच्या प्रज्ञाशोध स्पर्धा आणि ऑलिंपियाडच्या तयारीपासून संशोधनापर्यंतचे सारे टप्पे एकाच छपराखाली आणले. विधी महाविद्यालय रस्त्याच्या परिसरात दामले पथावरच्या या वास्तूत शाळकरी मुलगा आणि पीएच.डी.चा विद्यार्थी एकाच फळ्याशी येऊ शकतात, हे तिचे मोठेपण.

अभ्यंकरांची शिकवण्याची धाटणीही आपल्या विषयाशी निगडित आहे. अवजड आधुनिक परिभाषेच्या आधी शाळेतले बीजगणित घट्ट करा, असा त्यांचा आग्रह असे. बहुपदी हाताने सोडवता येत नसेल, तर तिच्याविषयीची उंच प्रमेये काय कामाची, असा रोखठोक सवाल. त्यांचा 'हिस्टॉरिकल रॅम्बलिंग्ज' हा लेखही १९७६ चाच. त्याला १९७८ मध्ये गणितविषयक उत्तम लेखनाचे शोव्हने पारितोषिक मिळाले. भास्कराचार्यांचे नाव संस्थेला देण्यात नुसता अभिमान नव्हता. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे इ.स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिल्याची नोंद त्यावर आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांची सोय लावणारी महाराष्ट्रातली ही सर्वांत जुनी लेखी नोंद म्हणता येईल. तिला आठशे वर्षे होऊन गेली.

आज पुण्यातील विद्यार्थ्याला कोणते आधार आहेत, हे थोडक्यात पाहू. १९८३ मध्ये अणुऊर्जा विभागाअंतर्गत स्थापन झालेले राष्ट्रीय उच्च गणित मंडळ एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठी शिष्यवृत्त्या देते. निवड परीक्षेने होते. मंडळाच्याच आर्थिक साह्याने प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये 'एमटीटीएस' ही उन्हाळी शिबिरे सुरू केली. त्या चार आठवड्यांत अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई नसते. शिक्षक प्रश्न विचारत राहतो, विद्यार्थी फळ्याशी जाऊन चुकतात आणि चूक कुठे झाली ते स्वतःच शोधतात. संशोधनाच्या उंबरठ्यावरच्यांसाठी राष्ट्रीय गणित केंद्राच्या प्रगत शाळा देशभर भरतात. २०१० पासून सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचा गणित विभाग आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धा घेत आले आहेत. संगमग्रामच्या माधवाचे नाव असलेल्या या परीक्षेत पाठांतर उपयोगी पडत नाही. वरच्या क्रमांकाच्या मुलांना पुढे शिबिरात बोलावतात, आणि खरा लाभ तिथे आहे : आपल्यासारखीच वेडी असलेली दुसऱ्या गावची मुले भेटतात. पाषाणची आयसर ही संस्था २००६ पासून आहे. १९९९ पासूनची केव्हीपीवाय शिष्यवृत्ती २०२२ मध्ये इन्स्पायर योजनेत विलीन झाली, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबलेल्या पालकांनी याची नोंद घ्यावी.

सोयी आहेत. प्रश्न आहे तो त्या मुलापर्यंत पोचतात का, हा. शिबिराचा अर्ज, निवड परीक्षेची तारीख, शिफारसपत्र कोणाकडून घ्यायचे, या गोष्टी मोठ्या महाविद्यालयातल्या मुलाला कानावरून कळतात. बारामती किंवा जुन्नरहून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या, मराठी माध्यमातल्या मुलीला अर्जाची मुदत टळल्यावर कळतात. इंग्रजी पुस्तकातली व्याख्या तिला कळत नाही, तेव्हा अडचण गणिताची की भाषेची, हेही तिचे तिला उमगत नाही. तीच व्याख्या कोणी पाच मिनिटे मराठीत उलगडली, तर पुष्कळदा काम होते. याला काही कोणत्या योजनेची मंजुरी लागत नाही.

कागदावर पाहिले तर व्यवस्था आहे. नॅकने २०१७ मध्ये लागू केलेल्या सुधारित आराखड्यात महाविद्यालयांना मेंटॉर आणि विद्यार्थी यांचे गुणोत्तर विचारण्यात आले. त्यामुळे ठिकठिकाणी याद्या झाल्या, वह्या झाल्या, सह्या झाल्या. ज्याच्या नावे पंचवीस-तीस मुले लिहिलेली आहेत, तो शिक्षक तासिका तत्त्वावर नेमलेला असेल, तर त्याला वेतन तासाचे मिळते. तास संपल्यावर कट्ट्यावर बसून एका मुलाची सिद्धता तपासण्याचे काम त्याच्या देयकात कुठेही बसत नाही. असे असूनही असे शिक्षक आहेत, हे त्यांचे उपकार. मात्र उपकारावर व्यवस्था चालवणे बरे नव्हे. प्राध्यापकांची रिक्त पदे भरल्यावाचून मेंटॉर योजनेविषयी बोलणे हे विहीर न खणता पोहरा विकत घेण्यासारखे आहे.

मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. डॉ. मंगला नारळीकर १९६४ मध्ये सुवर्णपदकासह एम.ए. झाल्या. पीएच.डी. मिळाली १९८१ मध्ये. मधली वर्षे परदेशातला संसार आणि मुलींचे संगोपन यांत गेली. टाटा संस्थेतील प्रा. के. रामचंद्र यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संख्याशास्त्र नव्हे, तर अंकसिद्धांतात प्रबंध लिहिला. (या दोन विषयांची गल्लत वृत्तपत्रांतही होते, म्हणून हा खुलासा.) पुढे पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात आणि भास्कराचार्य प्रतिष्ठानात त्यांनी शिकवले, 'गणिताच्या सोप्या वाटा' सारखी पुस्तके लिहिली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. खंड पडल्यावरही परतता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून मुलींना सांगता येते. पण परतणाऱ्या प्रत्येकीला दार उघडे ठेवणारा मार्गदर्शक मिळतोच असे नाही. वयाच्या अटी आणि अर्जातला 'खंडाचे कारण' हा रकाना आडवे येतात.

एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. गणितात अडणे आणि मन खचणे यांच्यातली सीमारेषा विद्यार्थ्याला आतून दिसत नाही. वर्गात येणे बंद झाले, खोलीबाहेर पडणे थांबले, झोप उडाली, तर ते अभ्यासाचे दुखणे राहिलेले नसते. नेट परीक्षा दोनदा हुकलेला विद्यार्थी 'पुढच्या वेळी' म्हणत हसतो, त्या हसण्यावर शिक्षकाने पूर्ण विश्वास ठेवू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक विभागाच्या सूचनाफलकावर वेळापत्रकाशेजारी लावायला खर्च येत नाही.

पालकांचा नेहमीचा प्रश्न असतो, गणित घेऊन पुढे काय? अध्यापन आणि संशोधन आहेच. त्याशिवाय विमागणित, सांख्यिकी, संगणकशास्त्र, सांकेतिक लिपीशास्त्र या क्षेत्रांत गणिताच्या पदवीधरांना मागणी आहे. पुण्यातल्या संगणक कंपन्यांत असे अनेक जण आहेत. मात्र हा प्रश्न घरात रोज विचारला जात असेल, तर मुलगा उत्तर देण्याऐवजी विषय बदलतो. पहिली दोन वर्षे त्याला विचारायचेच असेल, तर 'आज कशावर अडला आहेस?' हे विचारावे. उत्तर समजले नाही तरी चालेल. समजावून सांगताना त्याचे त्यालाच अर्धे सुटते.

ज्यांना काही करावेसे वाटते अशा निवृत्त प्राध्यापकांसाठी आणि अभियंत्यांसाठी एक साधी सूचना. आठवड्यातला एक वार ठरवावा, जवळच्या महाविद्यालयाकडून एक खोली आणि एक फळा मागून घ्यावा, आणि त्या वेळी तिथे जाऊन बसावे. व्याख्यान देऊ नये. पहिले तीन आठवडे कोणी येणार नाही. चौथ्या आठवड्यात एक जण दाराशी घुटमळेल आणि सोबत मित्राला घेऊन येईल. त्यांच्या हाती खडू द्यावा.